दुपारी दोन ते सात: पाचपैकी साडेतीन

सूनबाईने फोन माझ्या हातात दिला. "आई, सेंटरवाल्यांनी रिव्ह्यू मागितलाय. पाच स्टार आणि चार ओळी लिहिल्या की पुढच्या महिन्याच्या फीत दोनशे रुपये कमी." म्हटलं, दोनशे रुपये मी देते तुला, पण लिहायचं तर मी लिहीन तेच जाईल. ती हसली आणि डबे भरायला आत गेली. तर हे माझं. पाचपैकी साडेतीन.

सेंटरचं नाव लिहीत नाही. नातू अजून तिथेच जातो. डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या निवासी भागाकडे जाताना लागणाऱ्या एका सोसायटीत तळमजल्यावरचे दोन गाळे जोडून केलेलं आहे. बाहेर इंग्रजी पाटी, तिच्यावर जिराफ. आत पाच ते बारा वयाची चाळीसेक मुलं. शाळा सुटली की व्हॅनवाले काका त्यांना तिथे सोडतात आणि संध्याकाळी सातपर्यंत घरचं कोणीतरी येऊन घेऊन जातं. डे-केअर म्हटलेलं मॅडमना आवडत नाही, 'आफ्टर स्कूल प्रोग्रॅम' म्हणायचं. आम्ही पाळणाघरच म्हणतो.

मला यातलं काय कळतं, असं कोणी विचारेल. तर मी टेलिफोनच्या १९८ वर होते. जुन्या लोकांना आठवेल, फोन बंद पडला की १९८ फिरवायचा आणि तक्रार नोंदवायची. घाटकोपरला बसून मी मुंबईच्या अर्ध्या बंद फोनांचं रडगाणं ऐकलंय. तक्रार कधी आली, दोष काय, माणूस कधी गेला, फोन कधी सुरू झाला, सगळं लिहून ठेवायचं. ३१ जानेवारी २०२० ला एमटीएनएलमधून आम्ही चौदा हजारांवर माणसं एका दिवसात व्हीआरएस घेऊन घरी आलो. नोकरी गेली, लिहायची खोड गेली नाही. नातू सेंटरला जायला लागला त्या दिवसापासून मी एक वही ठेवलीये. दोनशे पानी, रेघांची. आज दीड वर्ष होत आलं. हा रिव्ह्यू त्या वहीतून आहे.

आधी आम्ही तिथे का गेलो ते सांगते. व्हीआरएस घेतली तेव्हा नातू अडीच वर्षांचा होता. दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला आणि पुढची चार वर्षं तो माझ्याच पदराला होता. एप्रिल २०२४ मध्ये माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारने काढलं की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत, मुलांची झोप होत नाही म्हणून. कारण अगदी खरं आहे. पहिलीत नातवाची शाळा सात दहाची होती, पोर व्हॅनमध्ये बसल्या बसल्या पेंगायचं. आता साडेसातपर्यंत झोपतो, पोट साफ होऊन शाळेत जातो. पण पूर्वी त्याला व्हॅनमध्ये बसवून आईबाप आपापली गाडी पकडायचे. आता चिरंजीव ठाण्याला आणि सूनबाई फोर्टला निघून गेली तरी हा अंथरुणातच. पोराची झोप वाढली ती माझ्या झोपेतून काढून. सकाळचं मी काठी टेकत निभावलं. दुपारी दोन ते सात मात्र जमेना. खाली उतरून व्हॅनपाशी जायचं, परत चढायचं, लिफ्ट तिसऱ्या दिवशी बंद.

सूनबाईच्या ऑफिसात पाळणाघर आहे. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असली की ती सोय हवी, असा कायदाच आहे २०१७ पासून. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जाता येतं. कागदावर उत्तम. पण आमची सूनबाई डोंबिवलीहून सात बावन्नची गाडी पकडते. त्या लेडीज डब्यात स्वतःची पर्स छातीशी धरून उभं राहायची मारामार, तिथे तान्हं मूल कोण आणणार? आणि हे पाळणाघर सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं. सरकारची पाळणा योजना तीही तेवढ्याच वयाची. सहा पुरी झाली की मूल जणू स्वतःचा भात स्वतः लावून घेणार. सहा ते बारा या वयाच्या मुलांनी दुपारी कुठे जायचं, याचं उत्तर कोणाकडेच नाही. त्या रिकाम्या जागेत हे सगळं उभं आहे. जिराफाची पाटी, फी, ॲक्टिव्हिटी, सगळं.

पाळणाघर आमच्या घराला नवीन नाही. माझा मुलगा १९८८ चा. आम्हाला तेव्हा रजा तीन महिन्यांची. चौथ्या महिन्यात त्याला शेजारच्या चाळीतल्या वहिनींकडे ठेवला तो चौथीपर्यंत. दोन खोल्या, सात मुलं, दीडशे रुपये महिना. वहिनींची स्वतःची दोन त्यातच. वरणभात सगळ्यांना एका पातेल्यातला. अभ्यास म्हणजे पाटीवर पाढे, आणि तेही वहिनी तांदूळ निवडता निवडता घ्यायच्या, पाव-अर्ध्याच्या पाढ्यांसकट, म्हणजे पावकी-निमकीसकट. कॅमेरा नव्हता, रिपोर्ट नव्हता. एकदा माझा मुलगा त्यांच्या माळ्यावर झोपून गेला आणि दीड तास सापडला नाही, तेही मला दोन वर्षांनी कळलं. तेव्हा सगळं छान होतं असं माझं म्हणणं मुळीच नाही. माझी सेकंड शिफ्ट असली की रात्री साडेनऊला मी त्याला झोपलेला उचलून आणायची आणि वाटेत कोणी भेटलं तर मान खाली घालायची. "पोराला परक्याकडे टाकते" हे ऐकून घेतलंय. त्यामुळे सुनेने सेंटरचा विषय काढला तेव्हा मी पहिल्यांदा नाहीच म्हटलं. मी घरात असताना पाळणाघर? हा माझा अहंकार होता, गुडघ्यापेक्षा जास्त दुखणारा. वहीत पहिल्या पानावर तसं लिहिलंय.

जागा बघायला चिरंजीव गेला जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात. २३ मेला एमआयडीसीत स्फोट झाला होता, लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या होत्या. मुलाने आत शिरल्या शिरल्या खिडक्या बघितल्या. रस्त्याकडच्या खिडकीला मोठी काच होती आणि तिच्याखालीच मुलांच्या झोपायच्या चटया. त्याने विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, सुट्टीचा कॅम्प चालू होता त्या दिवशी, काच हादरली पण फुटली नाही. पंधरा दिवसांत त्यांनी काचेला फिल्म लावून घेतली आणि चटया आतल्या भिंतीकडे नेल्या. सांगितल्यावर केलं, न सांगता केलं नव्हतं. मागचा दरवाजा मात्र सामानाने अडलेला असायचा, तो मोकळा करायला दिवाळी उजाडली.

फी पुढीलप्रमाणे. प्रवेशाचे पाच हजार एकदाच, महिन्याला साडेचार हजार, दुपारचं जेवण हवं तर अठराशे वेगळे, संध्याकाळचं खाणं त्यातच. अबॅकस बाराशे, नाच नऊशे. सव्वासातनंतर दर पंधरा मिनिटांना शंभर रुपये दंड. या दंडाचं पुढे येतंय.

पहिला महिना वाईट गेला. बावीस दिवसांपैकी नऊ दिवस नातू रडून घरी आला, म्हणजे सेंटरमध्ये नाही रडायचा, दारात मला बघून रडायचा. मला वाटलं, झालं, मी म्हणत होते ना. पण वहीत कारणंही लिहिली होती, ती सलग वाचली तेव्हा कळलं की नऊपैकी सहा वेळा कारण एकच: "झोपायला लावतात". अडीच ते साडेतीन दिवे बंद, पडदे ओढलेले, सगळ्यांनी चटईवर आडवं व्हायचं. पहिलीच्या पोरांना ठीक आहे. दुसरीतला मुलगा, नऊची शाळा, साडेसातपर्यंत झोपलेला, त्याला दुपारी कशी झोप येणार? तो तासभर छताकडे बघत पडायचा आणि आईची आठवण काढायचा. १९८ वर असताना आम्ही म्हणायचो, दोष लायनीत आहे की इन्स्ट्रुमेंटमध्ये ते आधी शोधा. मॅडमकडे वही घेऊन गेले. त्यांनी ती बघितली, जराशा हसल्या, पण पुढच्या सोमवारपासून दुसरी आणि त्यावरच्यांना झोप सक्तीची नाही, गोष्टीची पुस्तकं घेऊन बसा, असं झालं. रडणं आठवड्यात थांबलं. यासाठी पूर्ण मार्क.

दर महिन्याला एक रंगीत कार्ड येतं. 'कम्युनिकेशन', 'शेअरिंग', 'कॉन्फिडन्स', आणि पुढे हसऱ्या चेहऱ्यांचे शिक्के. दीड वर्षात एकही चेहरा रडका आलेला नाही. सगळ्या मुलांचं सगळं छान. असलं कार्ड बघून काही कळत नाही. मला विचाराल तर सेंटरचा परिणाम सेंटरमध्ये मोजायचाच नसतो. तो घरी संध्याकाळी साडेसात ते साडेनऊमध्ये दिसतो.

तर साडेसात ते साडेनऊ. आधी काय व्हायचं? सूनबाई पावणेआठला दारात. चप्पल काढेपर्यंत "आई, गृहपाठ". साडेआठला वही उघडायची, पेन्सिल सापडायची नाही, एकीकडे कुकरची शिट्टी. नऊला आवाज चढायचा. एकदोनदा पाठीत धपाटाही बसला, आणि मग बाथरूममधून सूनबाईच्या नाक शिंकरण्याचा आवाज. चिरंजीव गॅलरीत फोन घेऊन उभा, जसा काही शेअर बाजार रात्री उघडणार होता. मी मध्ये पडले तर सुनेला राग, न पडले तर नातवाला. आता गृहपाठ सेंटरमध्येच होतो, साडेतीन ते साडेचार, ताई बसवून घेतात. पहिल्या तीन महिन्यांनंतर अपवाद सोडले तर दप्तर घरी आल्यावर उघडावंच लागलं नाही. सूनबाई पावणेआठला येते, चहा घेते, तो तिच्या मांडीत डोकं खुपसून अर्धा तास काहीबाही सांगत बसतो. कोणी कोणाला ढकललं, कोणाचा दात पडला. धपाटा वहीत शेवटचा लिहिलाय तो ऑगस्ट २०२४ मध्ये. साडेचार हजारातले तीन हजार मी या अर्ध्या तासाचे धरते.

पण याचीच दुसरी बाजू आहे आणि ती कोणी सांगत नाही. गृहपाठ बाहेर गेला तसा नातवाच्या वह्यांचा घराशी संबंध तुटला. सहामाहीच्या आधी आईने हातच्याची वजाबाकी घ्यायला सुरुवात केली तर म्हणतो, "तुला नाही येत, ताई असं नाही शिकवत." सूनबाई बी.कॉम. फर्स्ट क्लास. तिचा चेहरा बघवेना. शेवटी रविवारी तास लावून ताईंची पद्धत तिने नातवाकडूनच शिकून घेतली.

आणि ऑफिस. पूर्वी सूनबाई पाच वाजता उठू शकायची, "सासूबाईंना बरं नाही, मुलगा घरी आहे." आता साहेबांना माहीत झालंय की सेंटर सातपर्यंत आहे. आठवड्यातून दोन तरी मीटिंग साडेपाचला लागतात. सेंटरने तिला दोन तास मिळवून दिले आणि त्यातला एक ऑफिसने उचलून नेला. तिला बढती मिळाली हेही सांगायला हवं. सेंटर नसतं तर तिने ती नाकारली असती, पूर्वी एकदा नाकारली होतीच. त्या दिवशी तिने आणलेले पेढे मी सगळ्यात आधी सेंटरच्या मावशीला नेऊन दिले.

आता फोनची गोष्ट. नातवाला गेल्या सप्टेंबरात ताप भरला, शंभर दोन. सेंटरने कोणाला फोन केला? आईला, फोर्टला. ती मीटिंगमध्ये. पुन्हा आईला. तिसऱ्यांदा आईला. बाप ठाण्यात, गाडीने पंचवीस मिनिटांवर. आजी दीड किलोमीटरवर, रिक्षाने सात मिनिटं. चौथा फोन उचलला तेव्हा सूनबाई सीएसएमटीकडे पळत सुटली आणि डोंबिवलीला पोचली दोन तासांनी. मी संध्याकाळी जाऊन विचारलं, बापाला का नाही केला? रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सिस्टिममध्ये मदर्स मोबाइल पहिला येतो." मी म्हटलं, मग सिस्टिमला सांगा की या घरात बाप जवळ आहे. तिने तिथल्या तिथे बदललं, दहा सेकंदांचं काम. मग मी इतर पालकांना विचारलं. तुमच्या फॉर्मवर पहिला नंबर कोणाचा? बारा जणांना विचारलं, बाराही आया. तुम्हीही बघून घ्या. चिरंजीवाला दोन वेळा फोन आल्यावर तो स्वतःच म्हणाला, "काय हे, मीटिंगमधून उठावं लागतं." सूनबाई काही बोलली नाही, नुसतं बघितलं. मी वहीत लिहून ठेवलं: दोष दुरुस्त.

दंडाचं सांगते. गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी दुपारी सायन-कुर्ल्याला पाणी भरलं आणि गाड्या बंद पडल्या. मी स्वतः निघाले तर रिक्षा मानपाडा रोडला गुडघाभर पाण्यात अडकली, परत फिरले. सेंटरमध्ये अकरा मुलं राहिली होती. मॅडम, एक ताई आणि मावशी, तिघी थांबल्या. मावशीने मुगाची खिचडी टाकली, पापड भाजले. वीज गेली तर मेणबत्ती लावून भुताच्या गोष्टी झाल्या. सूनबाई रात्री दहा चाळीसला पोचली, नखशिखांत भिजलेली, तर नातू म्हणतो, "एवढ्या लवकर का आलीस?" एक रुपया दंड घेतला नाही. मी दुसऱ्या दिवशी गेले आणि मॅडमचे हात धरले.

त्याच महिन्याच्या बिलात तीनशे रुपये दंड होता. कधीचा? तर दुसऱ्याच एका आठवड्यातल्या तीन दिवसांचा, कुठे बारा मिनिटं, कुठे आठ, कुठे नऊ. तिन्ही दिवशी मध्य रेल्वेचा सिग्नल. महापूर आला तर माणुसकी आणि रोजचा उशीर झाला तर मीटर, हे गणित मला पटलं नाही. मॅडमचं म्हणणं, "काकू, माझ्या ताईंनाही घर आहे, त्या सातला सुटतात." हेही खोटं नाही. मग मी विचारलं, हा शंभर रुपये दंड ताईंना मिळतो का? त्या गप्प बसल्या. दीडशे माफ झाले. पाचातला अर्धा स्टार मी इथे कापलाय.

जेवण बरं आहे. घरी ताटातून उचलून बाहेर टाकायचा ती दोडक्याची भाजी नातू तिथे खातो, कारण शेजारचा खातो. गुरुवारी पास्ता देतात तो चिकट असतो. डबा दिलात तर मायक्रोवेव्हमध्ये गरम करून देतात, फक्त स्टीलचा देऊ नका, आमचा पहिल्याच दिवशी तसाच गार परत आला.

अबॅकसचं मी हसून घेतलं होतं. पण पोरगं भाजीवाल्यापुढे हवेत बोटं नाचवून हिशोब करतं, वरचा मणी पाचाचा, खालचे चार एकेकाचे. मेथी तीस, टोमॅटो पाऊण किलो. पाऊण आलं की मात्र अडला. मी म्हटलं, थांब. आणि रात्री त्याला पाऊणकी घेतली, वहिनींनी माझ्या मुलाला घेतली होती तशी. आता भाजीवाला त्याला "शेठ" म्हणतो. बाराशे रुपयांचं आहे का ते? सहाशेचं आहे.

आता कापलेला अख्खा एक स्टार. सेंटरमध्ये साडेपाच ते साडेसहा काहीच नसायचं. म्हणजे वेळापत्रकात 'फ्री प्ले' लिहिलेलं, पण खरं तर काहीच नाही. सोसायटीच्या मागे फरसबंदीची मोकळी जागा आहे, एक गुलमोहर, दोन बंद पडलेल्या स्कूटर, एक पाण्याची टाकी. मुलं तिथे सोडलेली. मावशी पायरीवर बसून लसूण सोलायची आणि एक डोळा ठेवायची. ताई लांबून. कोणी खेळ लावून द्यायचं नाही. पहिले आठ दिवस नातू भिंतीला टेकून उभा असायचा, हे मी स्वतः बघितलंय. घरात वाढलेलं, कोविडमधलं पोर, त्याला खेळात घुसायचं कसं ते माहीतच नव्हतं. नवव्या दिवशी कोणीतरी ओरडलं, "ए, राज्य घेतोस का?" राज्य घेणं म्हणजे सगळ्यात नको ते काम, पण तेवढ्यावर तो आत शिरला. भांडला, गुडघे फोडून आला, रडीचा डाव खेळतो म्हणून त्याला दोन दिवस कोणी घेतलं नाही, तिसऱ्या दिवशी घेतलं. हे मी त्याला घरी चार वर्षांत देऊ शकले नव्हते. माझ्या घरात तो एकटा राजा होता.

मावशीची मुलगीही त्या तासाला असते. मावशी पाथर्लीकडून येते, मुलगी पाचवीत, शाळा सुटली की पूर्वी घरी एकटी कडी लावून बसायची. आमची मुलं सांभाळायला मावशी इथे, आणि तिची कडी लावून. मी हे मॅडमपुढे काढलं तर त्या म्हणाल्या, फी भरणाऱ्या पालकांनी हरकत घेतली तर? तीन आज्यांनी मिळून सांगितलं की आमची हरकत नाही. मुलगी आता चारला येते, कोपऱ्यात बसून अभ्यास करते आणि साडेपाचला सगळ्यांवर राज्य करते. डबा ऐसपैसचे नियम तिने आणले. वहिनींच्या घरी त्यांची दोन पोरं आमच्यातच वाढली, त्यात कोणाला काही वाटलं नव्हतं. इथे तीन आज्यांचं शिष्टमंडळ लागलं.

तर हा तास आता जातोय. स्कॉलरशिपची परीक्षा पुन्हा चौथीला आणलीये, मधल्या काळात ती पाचवीला गेली होती. लगेच सेंटरने तिसरीपासून 'फाउंडेशन बॅच' काढली, आठशे रुपये, वेळ साडेपाच ते साडेसहा. मी विचारलं, हीच वेळ का? तर म्हणाल्या, "तेव्हा मुलं रिकामीच असतात ना." आणि दुसरं कारण रिसेप्शनवरच्या मुलीने हळूच सांगितलं. पालकांच्या ग्रुपवर रोज फोटो टाकावे लागतात. नाचाचे येतात, अबॅकसचे येतात, साडेपाचनंतरचे मात्र धुळीने माखलेले, घामेजलेले, एकमेकांच्या कॉलरला धरलेले. पालक विचारतात, हे काय चाललंय, फी कशाची घेता? म्हणजे चूक सेंटरची एकट्याची नाही. आमच्या घरातही चिरंजीव पहिल्यांदा म्हणालाच, "आई, आठशेच तर आहेत, लावून टाकू." मी वही काढली आणि तो तास झालेल्या आणि न झालेल्या दिवसांचं पान त्याच्यापुढे ठेवलं. तो तास झाला त्या दिवशी नातू सव्वानऊला झोपलेला. पावसामुळे नाही झाला त्या दिवशी साडेदहा, आणि तोवर घरभर थयथयाट. चिरंजीवाने पान दोनदा वाचलं. लावून टाकलं नाही.

पण तिसरीची निम्मी मुलं आता त्या वेळात आत बसतात. बोलून बोलून मंगळवार आणि शुक्रवार असे दोन दिवस सगळ्यांना बाहेर सोडायचं कबूल झालंय. पाचातले दोन. ते पाच झाले की मी माझा स्टार परत देईन.

कोणाला तिथे नाव घालायचं असेल तर एक सांगते. बघायला सकाळी अकराला जाऊ नका. मॅडम तीच वेळ देतात, तेव्हा फरशी पुसलेली असते आणि एकही मूल नसतं. सव्वापाचला जा, आणि थेट मागे जा.

परवा मंगळवारी मी सहालाच आणायला गेले. नातू टाकीच्या मागून नुसतं डोकं काढून म्हणाला, "आजी, आत्ता नको, अर्धा तास थांब." मी मावशीच्या पायरीवर बसले, तिने लसणाची सुपली माझ्याकडेही सरकवली. मुलगी गुलमोहराला डोकं टेकून आकडे म्हणत होती. नातू पुन्हा पळत आला, कानात म्हणाला, "तू माझ्याकडे बघतेस ना, त्यावरून तिला कळतं मी कुठे आहे. तू भिंतीकडे तोंड करून बस."

मी उठले, गुडघा सावरला आणि भिंतीकडे तोंड करून लसूण सोलत बसले.